लग्नांचा फोटोग्राफर आणि अवसेची ओहोटी

हे प्रकरण मुंबईतल्या एका लग्न-फोटोग्राफरचं आहे. वय चाळिशीच्या आतबाहेर, लहानपण माहीम-दादरच्या किनाऱ्यावर गेलेलं, आता घर कांदिवलीला. लग्नसराईत आठवड्याला दोन-तीन कामं. हळद, लग्न, स्वागतसमारंभ आणि मग रात्री दोनपर्यंत फोटो निवडणं. कॅमेरा रोज हातात असतो, पण तो स्वतःसाठी उचलून कित्येक वर्षं झालेली. त्याला एकच काम करायचं होतं: माहीमच्या रेती बंदरापासून वरळी कोळीवाड्यापर्यंतचा घरचा किनारा एका हंगामात नीट टिपायचा. ओहोटीला उघडी पडणारी वाळू, चिखलात कलंडलेल्या होड्या, मागे सागरी सेतूच्या तारा आणि मावळतीचा उजेड, एवढीच इच्छा.

वेळेसाठी त्याने सगळे करतात तेच केलं. दर रविवारी पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर पोहोचायचं, असं ठरवलं. चार रविवार तो गेला आणि पाचव्या रविवारी उठला नाही. घरच्यांनी आळस म्हटलं, त्यालाही तसंच वाटलं. हिशेब मांडल्यावर मात्र दोष उठण्याचा नव्हता असं दिसतं.

रविवारचं गणित का फसतं

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती ३५० मिनिटं, म्हणजे पावणेसहा-सहा तास सरकते. भरती आणि ओहोटीतलं अंतरही सहा तासांच्या आसपासच असतं. त्यामुळे एका रविवारी सकाळी सहाला पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी जवळपास पूर्ण भरती असणार. तिसऱ्या रविवारी परत ओहोटी, चौथ्या रविवारी परत भरती.

म्हणजे चारातले दोन रविवार उघड्या वाळूचे फोटो मिळणं शक्यच नव्हतं. दादरला भरतीच्या वेळी पाणी थेट बंधाऱ्याच्या दगडांपर्यंत येतं, उभं राहायलाही जागा उरत नाही. उरलेल्या दोन रविवारी दुसरी अडचण होती. मुंबईचा हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य शहराच्या मागून उगवतो आणि सातनंतरही वाळूवर इमारतींची सावली असते. पहाटे उठण्याचं कौतुक कितीही असलं, तरी या किनाऱ्याचा उजेड संध्याकाळचा आहे. घड्याळाच्या आठवड्याला चिकटून समुद्राची छायाचित्रं काढणं म्हणजे बुधवारी बाजारात गेलं की बोंबील मिळतीलच असं मानण्यासारखं.

तिथीची पाऊणपट

कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. प्रतिपदेला पाऊण वाजता, म्हणजे दुपारी पावणेएक आणि रात्रीही त्याच सुमाराला. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरली तर सव्वाअकरा येतात. प्रत्यक्षात मुंबईत त्या दिवशीची भरती बाराच्या जवळ असते. इतर तिथींना हिशेब ढोबळमानाने जुळतो. पंचांगातली तिथी सूर्योदयाची असते आणि ती दिवसाच्या मध्येच बदलते, म्हणून बेत ठरवायला हा हिशेब पुरतो, पण घरातून निघण्याची वेळ ठरवायला छापील किंवा मोबाइलवरचा भरतीचा तक्ता बघावाच.

पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे पावणेसहा आणि संध्याकाळी सहा-सव्वासहाला. हीच उधाणाची तिथी. चंद्र आणि सूर्य एका रेषेत असल्याने भरती सगळ्यात चढते आणि ओहोटीही सगळ्यात खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याचा चढउतार निम्म्यावर येतो, शिवाय सकाळ-संध्याकाळी सहाला भरतीच असते. थोडक्यात, मुंबईत खोल ओहोटी दर पंधरवड्याला नेमकी उगवती-मावळतीच्या वेळी येते. हा योगायोग सगळ्या बंदरांच्या नशिबात नसतो.

इथे एक बारकावा आहे आणि बरेच जण इथेच चुकतात. एका दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. पावसाळ्यात दुपारची भरती मोठी असते. महापालिका ४.५ मीटरवरच्या ज्या भरत्यांचे इशारे देते त्या याच. तेव्हा खोल ओहोटी सकाळी येते आणि संध्याकाळी पाणी पूर्ण उतरत नाही. हिवाळ्यात हे उलटं होतं. मोठी भरती मध्यरात्री येते आणि खोल ओहोटी संध्याकाळी. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटाला दोन्ही जवळपास सारख्या. आपला फोटोग्राफर डिसेंबरात पहाटे जात होता, म्हणजे दिवसातली उथळ ओहोटी आणि इमारतींची सावली अशी दोन्ही वाईट टोकं त्याने निवडली होती.

तक्त्यातला आकडा मीटरमध्ये असतो आणि तो सागरी नकाशाच्या तळपातळीपासून, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेला असतो. तो पाण्याची खोली सांगत नाही. मुंबईसाठी संदर्भ अपोलो बंदरचा. तिथे १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जाते. या प्रकरणापुरता ठोकताळा असा ठरला: आकडा एका मीटरच्या खाली असेल तरच घरातून निघायचं. त्याच्या वर माहीमला होड्या तरंगतात, कलंडत नाहीत.

मुहूर्त नसलेले दिवस

वेळेचा प्रश्न सुटला तो याच पंचांगाच्या दुसऱ्या पानावर. अमावास्येला लग्नाचे मुहूर्त नसतात. मराठी, गुजराती, दोन्ही घरांत हा नियम पाळतात. हॉल रिकामे, केटरर रिकामे, फोटोग्राफर रिकामा. त्याच्या कामाच्या डायरीत मागच्या हंगामात अमावास्येची जवळपास प्रत्येक संध्याकाळ कोरी होती आणि ती फोटो निवडण्यात, ग्राहकांच्या फोनवर किंवा झोपेत जात होती. रिकामा दिवस आणि खोल ओहोटी एकाच तारखेला येत होत्या, फक्त त्याची डायरी इंग्रजी महिन्यांची होती.

हंगाम असा आखला. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तिथून कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन आणि चैत्र अशा सहा अमावास्या. आश्विनातली मुद्दाम सोडली, कारण ती लक्ष्मीपूजनाची आणि घरची. प्रत्येक अमावास्येला पुढची प्रतिपदा राखीव म्हणून धरली. अपवाद फाल्गुनाचा, कारण तिथली प्रतिपदा म्हणजे पाडवा. त्या दिवशी गुढी, श्रीखंड आणि शोरूमच्या उद्घाटनाची ऑर्डर. चातुर्मासात मुहूर्त नसले तरी पावसाळ्याचा समुद्र आणि तो आर्द्र वारा कॅमेऱ्याच्या हिताचे नाहीत, म्हणून ते चार महिने या कामातून वगळले.

राखीव तारखेचा उपयोग सूर्यास्त सरकतो तसा होतो. नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईत सूर्य सहाच्या ठोक्याला मावळतो, तेव्हा अमावास्याच बरोबर. मार्चच्या मध्याला सूर्यास्त पावणेसातच्या पुढे जातो, तेव्हा प्रतिपदेची ओहोटी जास्त जुळते. द्वितीयेपर्यंत ओहोटी साडेसातवर जाते. तेव्हा वाळू उघडी असते, पण अंधारात.

घरच्या बाजूने दोन अडचणी आल्या. आईचं म्हणणं, "अरे, अवसेला पाण्यावर जाऊ नये." यावर वाद घालून काही हाती लागत नाही. माहीमच्या ओळखीच्या कोळीकाकांना सांगून जाणं आणि साडेसातला फोन करणं एवढ्यावर तोडगा निघाला. बायकोशी करार जास्त स्पष्ट होता: सहा संध्याकाळी, दुपारी साडेतीन ते रात्री साडेनऊ. तारखा सहा महिने आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेल्या. त्याबदल्यात पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी मुलीची सगळी जबाबदारी त्याची. "वेळ मिळाला की जाईन" हे वाक्य घरात चालत नाही. तारीख चालते.

जागा आणि सूर्याची दिशा

मुंबईत सूर्य वर्षभरात मावळतीच्या रेषेवर सुमारे ५० अंश फिरतो. डिसेंबरात तो होकायंत्राच्या २४५ अंशांवर, नैर्ऋत्येला झुकलेला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बरोबर पश्चिमेला. जूनमध्ये २९५ अंशांवर. घरचा किनारा जेमतेम काही किलोमीटरचा असला, तरी या फरकाने चित्र पूर्ण बदलतं. २००९ साली सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू समोर आडवा आहे. डिसेंबर-जानेवारीत दादर चौपाटीवरून सूर्य वरळीच्या इमारतींमागे जातो आणि चित्रात गर्दी होते. माहीमच्या रेती बंदरावरून मात्र तो सेतूच्या पट्ट्यात उतरतो. मार्चमध्ये दादरवरून सेतूकडे पाहिलं की काम होतं. म्हणून पहिल्या तीन अवसा माहीमला, नंतरच्या दोन दादरला आणि चैत्राची वरळी कोळीवाड्यात, असा क्रम ठरला. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी अॅप्स आहेत, पण जागेवर उभं राहून एकदा होकायंत्र धरून पाहणं अधिक खात्रीचं.

माहीमची ओहोटी सुंदर दिसते आणि घाण वास मारते. मिठी नदी इथेच खाडीतून समुद्राला मिळते, त्यामुळे पाणी उतरलं की काळा गाळ उघडा पडतो. गाळावर वरून वाळूचा पातळ थर असतो, पाय टाकला की घोट्याच्या वर रुतेल. नियम साधा: होड्यांच्या दोरांच्या रांगेपलीकडे जायचं नाही आणि आधी ट्रायपॉडचा पाय दाबून पाहायचा. गमबूट घालू नयेत. गाळात ते आत अडकतात आणि पाय मोकळा बाहेर येतो. घोट्याला पट्टा असलेली रबरी सँडल बरी.

वरळी कोळीवाड्यात आणि वांद्र्याच्या बँडस्टँडला खडक आहेत. हिरवं शेवाळ असेल तिथे पाय ठेवायचा नाही, कालवांचे कवच असलेला खरबरीत दगड पकड देतो, पण हात टेकला तर कापतो. खोल ओहोटीला याच खडकांवर बायका कालवं काढायला येतात. ओहोटीवर पहिला हक्क त्यांचा आहे. फोटो काढण्याआधी विचारायचं, त्यांच्या टोपलीसमोर ट्रायपॉड लावायचा नाही. कोळीवाड्यात वाळत घातलेली जाळी ओलांडू नये. सुके बोंबील वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंवर असतील तर ती हलवायला लावून फोटो मागू नये. ड्रोनचा विषय काढूच नये. मुंबईत ते उडवण्यावर पोलिसांचे मनाई आदेश वारंवार निघतात आणि किनाऱ्यावर बंदोबस्त असतो.

एका संध्याकाळचं वेळापत्रक

मार्गशीर्ष अमावास्या, माहीम. सूर्यास्त साधारण सहा वाजून पाच मिनिटांनी, ओहोटी सव्वासहाच्या सुमारास.

दुपारी साडेतीनला बॅग एसीच्या खोलीतून बाहेर, चेन बंद. थंड लेन्स दमट हवेत उघडली की काचेवर वाफ धरते, म्हणून किमान अर्धा-पाऊण तास बंद बॅगेतच ती हवेच्या तापमानाला येऊ द्यावी. सव्वाचारची चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल. त्या वेळी उलट दिशेला गर्दी कमी. पावणेसहाच्या आधी जागा निश्चित.

लग्नाचा मुख्य कॅमेरा नेला नाही, जुनी बॉडी नेली. खाऱ्या तुषाराने बटण अडकलं तर पुढच्या मुहूर्ताला नवरीकडच्यांना काय सांगणार? सोबत १६ ते ३५ मिलिमीटरची लेन्स, दोन किलोचा ट्रायपॉड, उजेड कमी करणारा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, रिमोट, साध्या पाण्याची अर्धा लिटरची बाटली, दोन मऊ कापडं, हेडटॉर्च. मेमरी कार्ड वेगळं आणि कोरं. लग्नाच्या कार्डावर समुद्राचे फोटो घेण्याचा मोह महागात पडतो, बॅकअपनंतर घाईत नेमकं तेच कार्ड पुसलं जातं.

ट्रायपॉड उघडताना सगळ्यात खालचे बारीक पाय आधी पूर्ण बाहेर काढायचे, वरचे नंतर. घरात उलट करतात. किनाऱ्यावर खालचे पाय लांब असले की कुलपाचे सांधे पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतात. पाय वाळूत दहा-बारा सेंटिमीटर दाबून, हलत नाही याची खात्री करून मगच कॅमेरा चढवायचा. लाट परतली की पायाखालची वाळू सरकते, म्हणून दर दोन-तीन फोटोंनंतर पातळी तपासावी लागते.

सूर्य मावळताना आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ११ ठेवलं तर शटर उघडं राहण्याची वेळ साधारण १/१५ सेकंदावर येतं. सहा स्टॉपचा फिल्टर म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा, ६४ पट कमी, शटर चार सेकंदांच्या जवळ. एवढ्यात ओल्या वाळूवरचं पाणी रेशमासारखं होतं. दहा स्टॉपचा लावला तर मिनिटाच्या वर जातं, आणि डोलणारी होडी धूसर होते. म्हणून इथे सहाच बरा. परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद पुरे. त्यासाठी फिल्टर काढायचा आणि सूर्य गेल्यावर थांबायचं. सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी फिल्टरशिवायच दोन-चार सेकंद मिळतात.

मुंबईत उष्ण कटिबंधामुळे सूर्य तिरका न जाता जवळजवळ सरळ खाली बुडतो. सूर्यास्तानंतर उजेड बावीस-चोवीस मिनिटंच टिकतो. पर्यटकांचे फोटो आणि चहा यातच तो संपतो. डिसेंबरात आणखी एक गोष्ट असते: क्षितिजावर धुरकट थर. सूर्य मावळण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच त्या थरात विझतो आणि लालभडक सूर्यास्ताची वाट पाहणारा रिकाम्या हाताने परततो. आपल्या फोटोग्राफरची मार्गशीर्षातली चांगली चित्रं सूर्य विझल्यावरचीच आहेत: जांभळट पाणी, सेतूचे दिवे लागलेले, पुढे कलंडलेली होडी. धुरकट थराला शिव्या देण्यापेक्षा त्याचा रंग वापरावा.

परतीची वेळ ठरलेली हवी. उधाणाच्या दिवशी समजा पाणी चार मीटर चढणार आहे. पहिल्या तासात त्याचा बारावा हिस्सा, म्हणजे ३३ सेंटिमीटर. दुसऱ्या तासात दोन हिस्से. तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन हिस्से, म्हणजे तासाला एक मीटर. वाळूचा उतार ५० मीटरला एक मीटर असा मंद असेल तर तिसऱ्या तासात पाणी आडवं ५० मीटर आत येतं. सुरुवातीची संथ चाल पाहून माणूस निवांत होतो आणि मागच्या बाजूचा खळगा आधी भरतो. ओहोटीनंतर तासाभरात कोरड्या जागी, हा नियम सहाही संध्याकाळी पाळायचा होता. साडेसातला फोन त्यासाठीच.

साडेसातला दादर-माहीमहून विरारकडची गर्दी ट्रायपॉड घेऊन झेपत नाही. दादरहून सुटणारी धीमी लोकल किंवा साडेआठपर्यंत थांबणं, दोनच पर्याय. त्याने थांबायचं ठरवलं आणि तेवढ्यात कार्डातले फोटो पाहून नको ते तिथेच पुसले. घरी निवडायला चाळीसपेक्षा जास्त उरू नयेत, ही मर्यादा. लग्नाचे तीन हजार फोटो निवडणाऱ्या माणसाला समुद्राचे आणखी आठशे नको असतात, आणि छंद तिथेच मरतो.

घरी आल्यावर

त्याच रात्री, जेवणाआधी: ट्रायपॉडचे पाय साध्या पाण्याखाली, सांधे उघडून, वाळू निघेपर्यंत, मग उभा करून वाळवायचा. लेन्सवर आधी ब्लोअर, मग साध्या पाण्याने ओलसर कापड, मग कोरडं. मिठाचे कण कोरड्या कापडाने पुसले तर काचेवर चरे पडतात. कॅमेऱ्याची बॉडी ओलसर कापडाने पुसायची, फिल्टर धुवायचा. उद्यावर टाकलं तर मीठ सांध्यात बसतं आणि दुसऱ्या महिन्यात पाय फिरेनासे होतात. पौषात त्याचं हेच झालं, एक कुलूप तेलाने सोडवावं लागलं.

पावसाळ्यात सामान कपाटात ठेवायचं नाही. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की लेन्समध्ये बुरशी धरते, आणि जुलैत मुंबईत ती त्याच्या कितीतरी वर असते. रबरी कडा असलेला हवाबंद डबा, दहा-पंधरा लिटरचा, आत आर्द्रतामापक आणि दोन-अडीचशे ग्रॅम सिलिका जेल. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान. तीसच्या खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतं. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास तापवून परत वापरता येतं. चामड्याची लेन्सकेस डब्यात ठेवू नये, बुरशीचं खाद्य तेच.

हंगामाचा हिशेब

सहापैकी चार संध्याकाळी झाल्या. माघातली तापाने गेली; प्रतिपदेला स्वागतसमारंभ होता. फाल्गुनातली ढगांनी गेली आणि पाडव्यामुळे राखीव तारीख नव्हती. चारांतून ठेवलेली चित्रं एकवीस, त्यांपैकी भिंतीवर लावण्याजोगी सहा. आधीच्या चार रविवारांतून एकही नव्हतं.

एक गोष्ट मांडणीतच चुकली होती. चैत्रातली अमावास्या बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात येते, आणि तोवर खोल ओहोटी संध्याकाळहून सकाळकडे सरकायला लागलेली असते. वरळीला त्या संध्याकाळी खडक अर्धेच उघडे मिळाले. वैशाखापासून पुढे हे काम पहाटे करावं लागतं. सूर्य सहालाच उगवतो, ओहोटीही त्याच सुमाराला आणि खोल. पश्चिम किनाऱ्यावर पहाटेचा उजेड सपाट असला, तरी पौर्णिमेच्या पहाटे चंद्र समुद्रात मावळतो, आणि तो बघायला ट्रायपॉड घेऊन जाणारे मुंबईत फार नाहीत.

२०२६ च्या पंचांगात १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्नं नसतात, म्हणजे ऐन मे महिन्यातलं उत्पन्न जाणार. १ जूनपासून मासेमारी बंदी लागते, तेव्हा होड्या वर ओढून ताडपत्रीखाली जातात. त्या ओढल्या जाण्याआधीची शेवटची खोल ओहोटी पौर्णिमेच्या पहाटेची, मेच्या अखेरीस. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली आहे, फक्त निघायची वेळ पहाटे चारची आहे म्हणून बायकोने शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.